आकडेबाईंची खोटी फेरी

त्या सोमवारी प्रयोगशाळेचा जिना चढताना धाकटीला पायऱ्या लागल्याच नाहीत. आदल्या आठवड्यात दादानं ऑपरेशनची तारीख इस्पितळाला परत केली होती, आणि ती तिच्या शब्दावर परत केली होती. आपल्या शिक्षणाचा घरच्या माणसाला असा थेट उपयोग व्हावा, याहून मोठं सुख कुठलं? आता एवढं सुख एकदम अंगावर आलं की माणसानं जरा सावध व्हायला हवं. पण आनंदात असलेला माणूस सावध झालाय, असं कुणी कधी पाहिलंय?

दादा तिचा थोरला भाऊ. चष्म्याचं दुकान चालवायचा, आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांपेक्षा घरचंच जास्त विचारायचा. गेली काही वर्षं त्याची दोन्ही मूत्रपिंडं थकत चालली होती. चेहरा पिवळट झाला होता, संध्याकाळी पाय सुजून चपला आखूड व्हायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की मशीनवर रक्त धुवायची पाळी येण्याआधी दुसरं मूत्रपिंड बसवून घ्या. देणारं माणूस घरातच होतं. वहिनी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. बाई धडधाकट, दंड असे की पोरं दचकून असत. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं, आणि शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशी ती म्हणाली, "घ्या की. मला दोन आहेत."

घोडं अडलं होतं ते दादापाशी. आज दुकानात माल यायचाय, उद्या पावणे यायचेत, अशी त्याची टाळाटाळ चालली होती. कशीबशी तारीख ठरली. आणि त्यातच धाकटीला तिचा शोध लागला.

धाकटीचं काम नेमकं याच दुखण्यावर चाले. आजार एकच, पण काही जणांची मूत्रपिंडं वर्षानुवर्षं टिकतात आणि काहींची दोन वर्षांत हात टेकतात. हे आधीच रक्तावरून कळलं तर? प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये जुन्या रोग्यांचे रक्ताचे नमुने होते, आणि त्यांचं पुढं काय झालं हेही ठाऊक होतं. प्रत्येक नमुन्यावर ‘टिकलेला’ किंवा ‘थकलेला’ असं लेबल होतं. धाकटीनं प्रत्येक नमुन्यातले नऊशेच्या आसपास पदार्थ मोजले. मग दोन्ही गटांत ज्यांचा फरक डोळ्यांत भरत होता असे चाळीसेक वेगळे काढले. या चाळिसांची तिनं कडक परीक्षा घेतली, आणि तीसेक पास झाले. त्यातला एक तर असा झळकत होता, की तिनं त्याचं नाव ‘पहारेकरी’ ठेवून टाकलं. ज्याच्या रक्तात पहारेकरी भरपूर, त्याची मूत्रपिंडं टिकलेली.

दादानंही कौतुकानं या अभ्यासासाठी रक्त दिलेलं होतं. ते उघडून बघायचा तिला अधिकार नव्हता. तिनं बघितलं. पहारेकरी भरपूर होता! रविवारी जेवताना तिनं ते सांगून टाकलं, आणि दादाचा चेहरा असा खुलला, की वहिनी वाढता वाढता थांबली. दुसऱ्याच दिवशी त्यानं इस्पितळात फोन केला. आमची तारीख दुसऱ्या कुणाला द्या, आमचं पुढच्या वर्षी बघू.

आता आकडेबाईंविषयी सांगायला हवं. प्रयोगशाळेतला कुठलाही निकाल त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. गणितातल्या मोठ्या बाई, पण बोलणं असं की समोरच्याला दोन दिवस जेवण गोड लागू नये. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे खुर्चीवरून सहसा उठत नसत. ड्रॉवरमध्ये भुईमुगाच्या शेंगा असत, आणि दुसऱ्याची चूक सापडली की त्या एक शेंग फोडत. शेंग फुटल्याचा आवाज आला की भलेभले आपले कागद पुन्हा तपासायला घ्यायचे.

बाईंची कामाची एक पद्धत होती, तिला सगळे ‘खोटी फेरी’ म्हणत. ती कशी असते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरीही प्रत्येक जण त्यात पडायचाच. धाकटी तर पूर्वी दोनदा पडली होती. पण या वेळी ती निर्धास्त होती. या वेळी तिनं दुरुस्ती लावली होती ना!

ही दुरुस्ती म्हणजे काय, ते सांगतो. निव्वळ योगायोगानं दिसलेला फरकही कधीकधी खऱ्यासारखा भासतो. शंभर पदार्थांना एकेक प्रश्न विचारला, तर आत काही नसतानाही पाचेक जण उगाच ‘हो’ म्हणतात. म्हणून जितके जास्त प्रश्न, तितकी पास व्हायची अट कडक करायची, म्हणजे खोट्या शोधांची गर्दी आटोक्यात राहते. धाकटीनं चाळीस प्रश्नांची अट लावली होती. आणि बाईंना ती तसं ठणकावून सांगणार होती.

बाईंनी तिला समोर बसवलं आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर तीसेक पदार्थांची यादी होती. धाकटीनं पाहिलं, तर तिच्या यादीपेक्षा नावं वेगळी होती. पहिल्या नंबरावर पहारेकरी नव्हता, भलताच कुणी होता. तिला वाटलं, बाईंनी आपलं काहीतरी बारीक गणित करून क्रम सुधारला असेल.

"हे असं का आलं असेल, सांग बघू," बाई म्हणाल्या.

धाकटी सुरू झाली. पहिला पदार्थ सूज आवरतो, म्हणजे तो टिकलेल्यांत जास्त असणारच. तिसरा आणि सातवा एकाच साखळीतले, त्यांनी एकमेकांचा हात धरूनच यायला हवं. बारावा रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित, आणि मूत्रपिंड म्हणजे शेवटी रक्तवाहिन्यांचं जाळंच की! बोलता बोलता तिला स्वतःचंच पटत गेलं. पहारेकऱ्यापेक्षा ही गोष्ट चांगली जुळतेय, असंसुद्धा वाटून गेलं. बाई हनुवटीला हात लावून इतक्या मन लावून ऐकत होत्या, की धाकटीला आणखीच चेव आला.

तिचं बोलणं संपलं. बाईंनी ड्रॉवर उघडला आणि शेंग फोडली.

"छान सांगितलंस," त्या म्हणाल्या. "ही खोटी फेरी होती."

धाकटीनं यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली.

"सगळी लेबलं काढली, कॉम्प्युटरमध्ये पत्त्यांसारखी पिसली, आणि हाताला येईल ते लेबल येईल त्या नमुन्याला चिकटवलं. टिकलेला कोण आणि थकलेला कोण, याचा आता रक्ताशी काडीचा संबंध नाही. आणि मग तू जे जे केलंस ते सगळं मी केलं. पहिल्या पायरीपासून."

"पण बाई, मी दुरुस्ती लावली होती! चाळिसांची अट..."

"मीही लावली. चाळिसांचीच. तरी तीसेक आलेच की पास होऊन." बाईंनी दाणे तळहातावर चोळले. "चाळीस आले कुठून?"

"नऊशेतून."

"निवडले कसे?"

"ज्यांच्यात फरक दिसत होता..." आणि धाकटी मध्येच थांबली. उत्तर तोंडातून बाहेर पडता पडताच तिला ते ऐकू आलं होतं.

"नऊशे दारं ठोठावलीस," बाई सावकाश म्हणाल्या. "ज्यांनी दार उघडलं त्यांच्यातली चाळीस घेतलीस, आणि मग जगाला सांगतेस, मी चाळीसच दारं ठोठावली हो, बघा किती जण माझ्या ओळखीचे निघाले! अगं, न उघडलेली दारंही मोजायची असतात. फरक आहे म्हणून निवडलेस, आणि त्याच रक्तावर पुन्हा विचारलंस, की फरक आहे का? ते काय नाही म्हणणार?"

"मग पूर्ण नऊशेची अट लावली तर?"

"लावली. एकही उरत नाही."

"पहारेकरी?"

"तुझ्या पहारेकऱ्याइतका झळकणारा कुणीतरी माझ्या जवळजवळ प्रत्येक खोट्या फेरीत निघतो. तो खोटाच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित खरा असेल. नवीन माणसं घे, नवीन रक्त घे, आणि त्याच्या एकट्याबद्दल विचार. तेव्हा जे येईल ते येईल. आज तुझ्या हातात काही नाही. वेळेत कळलं हेही बरंच झालं म्हणायचं. अजून कुठं बोलली नाहीस ना?"

धाकटीनं कागदाची घडी घालायला घेतली. बाईंनी दुसरी शेंग उचलली होती, ती तशीच हातात धरून त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"कुणाला सांगितलंस?"

मग धाकटीनं सगळं सांगितलं. दादाचं दुखणं, वहिनीचं जुळणं, फ्रीझरमधून काढलेलं दादाचं रक्त, परत केलेली तारीख. सांगताना तिला हुंदका आवरेना. खरं तर ती बोलणी खायच्या तयारीनंच बसली होती. पण बाईंनी शेंग परत ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवर लावून घेतला, टेबलाचा आधार घेत दुखऱ्या गुडघ्यांवर उठल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"भावाचं रक्त बघितलंस त्याचं आपण मागाहून बोलू, आणि चांगलंच बोलू," त्या म्हणाल्या. "पण हवं ते दिसणं हा काही तुझ्या एकटीचा गुन्हा नाही. सगळ्यांचं डोकं असंच चालतं. म्हणून तर मला पगार मिळतो. ऊठ. फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग. आणि जे तू मला सांगितलंस तेच सांग, शोभिवंत करू नकोस."

धाकटी निघाली ती थेट दादाच्या दुकानात. वाटेत तिनं चार वेळा चार प्रकारे वाक्यं जुळवली, आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवताच ती चारही विसरली. दादा एका आजोबांच्या चष्म्याची काडी वाकवत होता. आजोबा गेल्यावर तिनं काउंटरच्या आत स्टूल ओढलं आणि म्हणाली, "दादा, माझं चुकलं. तो पहारेकरी वगैरे काही नाही. निदान आज तरी तसं म्हणायला आधार नाही. तू ऑपरेशन करून घे."

दादानं हातातली पकड खाली ठेवली. "म्हणजे तुझ्या मशीनीनं चुकीचं मोजलं?"

"मोजलं बरोबर. मी विचारलं चुकीचं. नऊशे ठिकाणी शोधलं आणि जिथं मनासारखं सापडलं तेवढंच धरून बसले. एवढं शोधलं की काहीतरी सापडतंच रे. काही नसलं तरी सापडतं."

तिला वाटलं, आता हा भडकणार. भडकायचा त्याला हक्कच होता. मरणाच्या दारातल्या माणसाला आशा दाखवून ती काढून घ्यायची म्हणजे काय! पण दादा काउंटरच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "किती ठिकाणी शोधलंस म्हणालीस?"

"नऊशे."

"मी नऊच ठिकाणी शोधलं," तो म्हणाला. "आपले डॉक्टर म्हणाले, करून घ्या. पटलं नाही म्हणून दुसऱ्याकडे गेलो. तोही तेच म्हणाला. मग तिसरा झाला, मग दुकानात येणारे दोघं डॉक्टर झाले, तुझ्या वहिनीला न सांगता शेजारच्या गावात जाऊन आलो. सगळ्यांचं एकच. थांबा म्हणणारं कुणी भेटेना. शेवटी तू भेटलीस." तो कसनुसा हसला. "आठ जणांचं ऐकलं नाही, आणि तुझं ऐकून लगेच फोन केला. तुझ्या शिक्षणावर विश्वास होता म्हणून नव्हे गं. तू मला हवं ते बोललीस म्हणून."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. शाळा सुटल्यावर तिला सायकलवर डबलसीट आणणारा हा दादा, यानं गणितात कधी काठावरही पास होऊन दाखवलं नव्हतं. आणि दोघांनी चूक केली होती ती मात्र अगदी एकसारखी. या अवघड वेळी तिला उगाचच हसू फुटलं. मग त्यालाही फुटलं.

ते दोघं हसत असताना वहिनी तलावावरून आली. केस ओले, खांद्यावर पिशवी, गळ्यात शिट्टी. "काय बहीणभावांचं? मला कळू दे," असं म्हणून ती दारातच उभी राहिली, आणि तिला सगळं कळलं. आठ डॉक्टरांचंही कळलं. दादानं ज्याबद्दल ताकास तूर लागू दिली नव्हती, ते एका दमात बाहेर आलं.

"आणि हिचं जुळलंय तेही योगायोगानंच नसेल कशावरून?" दादानं अखेरचा प्रयत्न केला. "तपासण्या तर हिच्याही ढीगभर झाल्या."

"अहो, तुम्ही नऊशे बायका तपासून त्यातून मला निवडलं होतंत की काय?" वहिनी म्हणाली. "एकच बायको होती, तिलाच विचारलं, आणि जुळलं. पुन्हा बघितलं, पुन्हा जुळलं. काय हो वन्सं, हे चालतं का तुमच्या आकडेबाईंना?"

"हे चालतं," धाकटी म्हणाली.

दादानं पुन्हा काचेवरचा तो नसलेला डाग पुसायला घेतला. मग त्याचा आवाज एकदम फुटला. "देणाऱ्याला सोपं असतं गं. घेणाऱ्याला विचार. तुझ्या अंगाला सुरी लावायची, ती माझ्यासाठी? आणि उद्या तुला काही झालं तर मी कुठल्या तोंडानं जगू?"

वहिनीनं पिशवी खाली ठेवली आणि काउंटरच्या आत आली. धाकटीला वाटलं, आपण आता बाहेर जायला हवं. पण तिघांना तिथं हलायलाही जागा नव्हती.

"पोरं पाण्यात पहिल्यांदा तरंगायला शिकतात ना," वहिनी म्हणाली, "तेव्हा ताकदवान पोरंच आधी बुडतात. हातपाय मारत राहतात. मी त्यांना एकच सांगते, काही करू नकोस, अंग सैल सोड, खालून मी धरलंय. तुम्ही गेली दोन वर्षं हातपाय मारताय. मलाही भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण तुम्ही नसलात तर मला दोन मूत्रपिंडं घेऊन काय करायचंय?"

दादानं तिचा ओला हात दोन्ही हातांत घेतला. जरा वेळानं त्यानंच फोन उचलला.

आता तारीख काय अशी पडून राहते? त्यांची तारीख दुसऱ्याला गेली होती. पुढची मिळाली ती महिन्याभरानंतरची. त्या महिन्यात दादाचे रिपोर्ट भराभर घसरले, डॉक्टर मशीनची भाषा बोलू लागले, आणि धाकटीच्या जिवाला घोर लागला. ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द आठवला की तिच्या अंगावर काटा यायचा. पण मशीनची पाळी आली नाही. ठरल्या दिवशी दोघं शेजारशेजारच्या ऑपरेशनच्या खोल्यांत गेली, आणि दुपारी सर्जननं बाहेर येऊन सांगितलं, की टेबलावरच नवं मूत्रपिंड कामाला लागलं, लघवी सुरू झाली. लघवी हा शब्द ऐकून कुणी आनंदानं रडलंय का आजवर? धाकटी रडली.

इस्पितळाच्या व्हरांड्यातून तिनं आकडेबाईंना फोन केला.

"बाई, दोघंही बरी आहेत. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे वगैरे काही नाही," पलीकडून आवाज आला. "आणि ऑपरेशन चांगलं झालं म्हणून माझं गणित खरं ठरलं, असंही कुणाला सांगत फिरू नकोस. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

"मग मी आभार कशाचे मानू?"

"ते मला काय विचारतेस?"

"मानतेच मी," धाकटी म्हणाली. "सिद्ध होवो न होवो. मी काही सिद्ध करायला फोन केलेला नाही. तुम्ही त्या दिवशी माझ्या मनासारखं बोलला असतात ना, तर आज हा दिवस दिसला नसता. मला आजवर हवं ते बोलणारे खूप भेटले, बाई. तुमच्यासारखं माणूस मिळालं हे माझं नशीब."

पलीकडे ड्रॉवर उघडून पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "वहिनींना पहिले काही दिवस फार दुखतं म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष दे. सगळे घेणाऱ्यालाच बघायला जातात." आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी धाकटीला आत सोडलं. तोंडाला मास्क, अंगात झगा. वहिनीला चाकाच्या खुर्चीतून दादाच्या खोलीत आणलं होतं. ती वाकून, पोटावर उशी दाबून बसली होती. दादाचा चेहरा खरंच उजळला होता, इतका की धाकटीला आपण त्याचा जुना फोटो बघतोय असं वाटलं.

नर्सनं पाण्याचा मोठा ग्लास आणून त्याच्या हातात दिला. "प्या. सगळा संपवा, मग आणखी देते."

दादा ग्लास धरून तसाच बसला. वर्षभर त्याला पाणी मापून मिळत होतं. जीभ टाळ्याला चिकटायची, पण सुजेच्या भीतीनं तो घोटावर थांबायचा, आणि उन्हाळ्यात दुकानात गिऱ्हाइकांपुढे गार पाणी ठेवून तोंड दुसरीकडे करायचा. त्यानं ग्लासकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"प्या की," वहिनी म्हणाली. "मी धरलंय."

तो पिऊ लागला. घटाघटा, एका दमात, हनुवटीवरून ओघळ गळ्यावर येईपर्यंत. ग्लास रिकामा झाला तेव्हा तो रडत होता आणि हसतही होता. त्यानं तो ग्लास नर्सपुढे धरला आणि म्हणाला, "आणखी द्या."